औषधाच्या वेष्टनावरील क्रमांक

शाळेतील पोषण आहाराची पंगत उठून मुले वर्गात परतली, की आठवड्यातील ठरलेल्या वारी लोहयुक्त गोळ्यांचे वाटप होते. पहिली ते पाचवीच्या मुलांना गुलाबी गोळी मिळते, त्यावरील वर्गांतील मुलांना निळी. शिक्षक नोंदवहीत दिनांक, वर्ग, उपस्थिती आणि वाटलेल्या गोळ्यांची संख्या लिहितात. संख्या बिनचूक असते, कारण शिल्लक साठ्याशी तिचा मेळ बसवावा लागतो. परंतु गोळ्यांच्या पट्टीच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेला बॅच क्रमांक नोंदवहीत क्वचितच उतरतो. जेथे त्यासाठी रकाना आखलेला असतो तेथेही तो पुष्कळदा कोराच राहतो, आणि जेथे रकाना नसतो तेथे त्याची उणीव कोणास भासत नाही.

हा क्रमांक कशासाठी असतो? कारखानदाराच्या हिशेबाची ती एक खूण, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः औषधाच्या सुरक्षिततेसाठी जगभर जी यंत्रणा उभी आहे, तिचा बराच मोठा भार या चार-सहा अक्षरांवर तोललेला आहे. तो कसा, हे समजून घेण्यासाठी आरंभ स्वयंपाकघरापासून करणे सोयीचे होईल.

दिवाळीत शंकरपाळे तळले जातात. पीठ तेच, कढई तीच, तळणारा हातही तोच. तरी एखादा घाणा करपतो, तर एखादा कच्चा राहतो. सर्व घाणे एकाच डब्यात मिसळून टाकले, की बिघडलेला घाणा कोणता हे मागाहून सांगता येत नाही. फार तर सगळा डबाच वाईट म्हणून बाजूला सारावा लागतो. औषधाच्या कारखान्यातही माल असाच घाण्याघाण्याने तयार होतो. एका मोठ्या पात्रात एका वेळी कालविलेले मिश्रण सहस्रावधी बाटल्यांत किंवा लक्षावधी गोळ्यांत विभागले जाते. त्या सर्वांचे गुणदोष समान असतात. म्हणून त्या सर्वांवर एकच क्रमांक छापतात, त्यातील काही नमुने तपासतात आणि काही नमुने जपून ठेवतात. एका बाटलीत दोष आढळला, तर त्याच क्रमांकाच्या सर्व बाटल्या संशयास्पद ठरतात, आणि इतर क्रमांकांच्या बाटल्यांविषयी निदान तेवढ्यावरून शंका घेण्याचे कारण उरत नाही. अशा एका घाण्यासच औषधाच्या व्यवहारात बॅच म्हणतात.

या साध्या युक्तीचे महत्त्व मुंबईच्या परळ येथील एका प्रयोगशाळेच्या इतिहासात फार स्पष्टपणे दिसते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्भवली. वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. लवकरच परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये लसनिर्मितीचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. तेथून लशीच्या बाटल्या दूरदूरच्या प्रांतांत जात असत.

१९०२ च्या ३० ऑक्टोबर रोजी पंजाबातील मुल्कोवाल या खेड्यात १०७ लोकांना ही लस टोचण्यात आली. काही दिवसांतच त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. सरकार हादरले, लोक बिथरले, आणि प्लेगच्या ऐन कहरात लशीवरचा विश्वास डळमळला. चौकशीत असे दिसून आले, की त्या दिवशी पाच बाटल्या उघडण्यात आल्या होत्या. मृत्यू पावलेल्या सर्व १९ जणांना एकाच बाटलीतील लस टोचलेली होती. तिचा क्रमांक ५३-एन. उरलेल्या चार बाटल्यांतील लस ज्यांना टोचली, त्या ८८ जणांपैकी एकासही धनुर्वात झाला नाही.

ही विभागणी कळू शकली ती केवळ एवढ्यासाठी, की प्रत्येक बाटलीला क्रमांक होता आणि कोणास कोणत्या बाटलीतील लस दिली याची नोंद होती. ती नसती, तर १०७ जणांना लस टोचली व १९ दगावले, एवढेच जगास कळले असते, आणि पाचही बाटल्यांवर, किंबहुना संपूर्ण लशीवर खुनाचा आरोप कायमचा राहिला असता.

क्रमांकाने दोषी बाटली दाखविली. परंतु दोष बाटलीत कोठे शिरला हा प्रश्न उरलाच. चौकशी आयोगाने परळच्या प्रयोगशाळेवर ठपका ठेवला. हाफकिन यांनी निर्जंतुकीकरणाच्या पद्धतीत केलेला बदल यास कारण झाला असावा, असे आयोगाचे म्हणणे होते. हाफकिन यांना पद सोडावे लागले. पुढे पुराव्याची फेरतपासणी झाली तेव्हा निराळीच गोष्ट पुढे आली. मुल्कोवाल येथे बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच बाटलीचे बूच काढण्यासाठी वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात हे आज प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. परळला बाटली भरल्यानंतर कित्येक आठवड्यांनी ती उघडली गेली होती. इतके दिवस जंतू आत वाढत असते, तर उघडताना दुर्गंधी आल्यावाचून राहिली नसती, आणि तशी ती आली नव्हती. रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रातून हाफकिन यांची बाजू मांडली व ते निर्दोष ठरले. १९२५ मध्ये परळच्या त्या संस्थेस त्यांचेच नाव देण्यात आले. पाच वर्षे एका निरपराध माणसास कलंक सोसावा लागला, हे खरे; पण ५३-एन हा क्रमांक नोंदलेला नसता, तर त्या कलंकातून सुटण्याचा मार्गच त्याला उरला नसता.

आता दुसऱ्या प्रकारच्या दोषाकडे वळणे इष्ट होईल, कारण त्याची झळ अगदी अलीकडे विदर्भाच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचली आहे.

पुष्कळ औषधे पाण्यात सहजासहजी विरघळत नाहीत. लहान मुलांना तर गोळी गिळता येत नाही. त्यांना गोड पातळ औषधच द्यावे लागते. अशा वेळी औषध विरघळविण्यासाठी ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल यांसारखा दाट, गोडसर द्रव वापरतात. हे द्रव शुद्ध असल्यास निरुपद्रवी असतात. परंतु डायएथिलीन ग्लायकॉल नावाचा आणखी एक द्रव आहे. तोही रंगहीन, दाट आणि चवीला गोडसर असतो. गाड्यांच्या ब्रेकचे तेल, शाई, राळ इत्यादी वस्तू तयार करताना त्याचा उपयोग होतो आणि तो स्वस्त पडतो. माणसाच्या पोटात गेल्यास मात्र तो मूत्रपिंडांचा नाश करतो. आरंभी उलट्या, पोटदुखी, सुस्ती अशी कोणत्याही तापात दिसणारी लक्षणे दिसतात. नंतर लघवी कमी होत जाऊन अखेर बंद पडते. डोळ्यांनी, नाकाने अथवा जिभेने हे दोन द्रव वेगळे ओळखता येत नाहीत. ते काम प्रयोगशाळेचे आहे.

अमेरिकेत १९३७ मध्ये सल्फानिलमाइड हे जंतुनाशक औषध गोळ्यांच्या व भुकटीच्या रूपात मिळत असे. एका कारखान्याने ते पातळ स्वरूपात विक्रीस आणण्याचे ठरविले व त्यासाठी नेमका हाच विषारी द्रव वापरला. रंग, स्वाद आणि वास यांची परीक्षा झाली. ते पोटात गेल्यावर काय होईल याची परीक्षा कोणीही केली नाही, कारण तशी ती करण्याचे बंधन त्या वेळी कायद्यात नव्हते. शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत मुले पुष्कळ होती. सरकारी निरीक्षक दुकानांच्या याद्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या व रवानगीची कागदपत्रे घेऊन गावोगाव, दारोदार हिंडले. तयार झालेल्या २४० गॅलनपैकी सुमारे २३४ गॅलन औषध त्यांनी परत मिळविले. एवढा माल जप्त करण्यास आधार कोणता, तर वेष्टनावरील नाव चुकीचे होते! ‘एलिक्झिर’ म्हणवणाऱ्या औषधात मद्यार्क असावयास हवा. यात तो नव्हता. विष घातले हा अपराध ठरत नव्हता, नाव चुकले हा ठरत होता. पुढील वर्षी, १९३८ मध्ये, अमेरिकेने नवा कायदा केला, आणि औषध बाजारात आणण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचे दाखविण्याची जबाबदारी कारखानदारावर आली.

भारतात त्याआधीच कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९३०-३१ मध्ये देशातील औषधांच्या बाजाराची पाहणी केली होती. १९४० मध्ये औषधांविषयीचा कायदा झाला आणि १९४५ मध्ये त्याचे नियम झाले. औषधाचे नाव, त्यातील द्रव्याचे प्रमाण, कारखानदाराचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाचा दिनांक आणि मुदत संपण्याचा दिनांक हे सर्व वेष्टनावर असावे, असे हे नियम सांगतात. शिक्षकांच्या हातात येणाऱ्या पट्टीवर जे छापलेले असते, त्याचे मूळ येथे आहे.

कायदा असूनही तीच दुर्घटना पुनःपुन्हा घडली, हे मात्र मान्य केले पाहिजे. १९८६ च्या जानेवारी व फेब्रुवारी महिन्यांत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन देण्यात आलेले १४ रुग्ण दगावले. डोळ्यातील किंवा मेंदूवरील दाब कमी करण्यासाठी ते पाजले जात असे. ते ग्लिसरीन औषधी दर्जाचे नव्हते व त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगापुढे जे उघडकीस आले, त्यावरून खरेदी, परीक्षण आणि देखरेख या तिन्ही पायऱ्यांवर ढिलाई व गैरव्यवहार झाल्याचे दिसले. प्रत्येकाने आपल्या अलीकडच्याने तपासले असेल असे गृहीत धरले. १९९८ मध्ये गुरगाव येथे, २०१९-२० च्या हिवाळ्यात जम्मूतील रामनगर येथे मुले याच विषाने गेली. २०२२ मध्ये आफ्रिकेतील गांबिया देशात सुमारे ७० मुलांचा मृत्यू झाला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने भारतात तयार झालेल्या चार पातळ औषधांविषयी साऱ्या जगाला इशारा दिला. त्यानंतर खोकल्याची पातळ औषधे परदेशी पाठविण्यापूर्वी सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासण्याचा नियम १ जून २०२३ पासून झाला. परदेशी जाणाऱ्या बाटलीस जी कसोटी लावली गेली, ती देशातील बालकाच्या बाटलीस त्याच कडकपणे लागत नव्हती, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

२०२५ च्या सप्टेंबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, लहान मुले सर्दी-तापाने आजारी पडून पुढे त्यांची लघवी बंद होऊ लागली. अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणण्यात आले. आरंभी एखाद्या साथीचा संशय घेण्यात आला. पाणी, डास यांचे नमुने तपासले गेले. परंतु मूत्रपिंडाच्या तुकड्यांची तपासणी झाली तेव्हा विषाची खूण दिसली. मग प्रश्न निघाला, की या मुलांनी काय घेतले होते? बहुतेकांच्या घरी खोकल्याच्या एकाच औषधाची बाटली सापडली. औषध तमिळनाडूत तयार झाले होते. तेथील औषध नियंत्रण विभागाने कारखान्यातून त्याच घाण्याचा, म्हणजे एसआर-१३ या क्रमांकाचा, नमुना घेऊन तपासला. त्यात डायएथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण ४८.६ टक्के निघाले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. तोपर्यंत अनेक घरे उजाड झाली होती. वीसहून अधिक बालके गेली. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबरच्या आरंभीच याच क्रमांकाची बाटली कोणाजवळ असल्यास ती वापरू नये, असे लोकांना कळविले.

ज्या घरातील बाटली फेकून दिली गेली असेल, त्या घरास या सूचनेचा उपयोग किती? क्रमांक माहीत नसल्यास सूचना वाचूनही ती आपल्यासाठी आहे की नाही, हे त्या मातापित्यांस कळणार नाही. हीच गोष्ट शाळेत वाटलेल्या गोळ्यांना लागू पडते. एखाद्या बॅचच्या गोळ्या परत मागविल्या गेल्या आणि शाळेच्या नोंदवहीत तो क्रमांक नसला, तर कोणत्या वारी, कोणत्या वर्गात त्या गेल्या हे मुख्याध्यापकांस सांगता येणार नाही.

अनेकांस एकाच वेळी एकाच प्रकारचा त्रास होऊ लागला म्हणजे कारण शोधताना काय घडते, याचा अनुभव बुलढाणा जिल्ह्यालाही नवा नाही. २०२४ सरताना आणि २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड आदी गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. कोणी पाण्यास दोष दिला, कोणी शाम्पूस, कोणी आणखी कशास. नंतर रक्ताचे, केसांचे व धान्याचे नमुने तपासले गेले आणि सेलेनियम या द्रव्याच्या अधिक प्रमाणाकडे लक्ष वेधले गेले. हा औषधाचा विषय नव्हे. पण शोधाची रीत तीच आहे. कोणास झाले, कोणास झाले नाही, त्यांनी काय खाल्ले-प्यायले, त्रास केव्हा सुरू झाला, आणि ज्या वस्तूचा संशय आहे ती नेमकी कोठून आली, एवढ्या प्रश्नांची लेखी उत्तरे हाताशी असली, की तर्ककुतर्कांचे धुके विरळ होते.

येथवर दूषित औषधांचा विचार झाला. परंतु शुद्ध, कायदेशीर आणि मुदतीतील औषधानेही अपाय होऊ शकतो. थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध गरोदर स्त्रियांस मळमळ थांबविण्यासाठी दिले जाई. १९६१ च्या अखेरीस जर्मनीत लेन्झ व ऑस्ट्रेलियात मॅकब्राइड या डॉक्टरांच्या ध्यानात आले, की हे औषध घेतलेल्या मातांची मुले हातापायांच्या विकृतीसह जन्मत आहेत. तोवर जगभरात अशी सहस्रावधी बालके जन्मली होती. औषधात भेसळ नव्हती. औषधच तसे होते. एकेका डॉक्टरास असे एखाददुसरेच मूल दिसे, आणि सर्व निरीक्षणे एकत्र येण्यास जागा नव्हती. या अनुभवातून जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये दहा देशांच्या सहकार्याने औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी एकत्र करण्याचा उपक्रम सुरू केला. १९७८ पासून हे काम स्वीडनमधील उप्साला येथून चालते. आज दीडशेहून अधिक देश त्यात सहभागी आहेत. भारतात २०१० मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याचे केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. तेथे केवळ डॉक्टरच नव्हे, तर औषध घेणारी व्यक्ती किंवा तिचे आप्तही नोंद पाठवू शकतात, आणि त्यासाठीचा नमुना मराठीतही उपलब्ध आहे.

खारपाणपट्ट्यातील शिक्षकांस या विषयाचे एक अंग विशेष जवळचे वाटेल. पूर्णेच्या खोऱ्यातील शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या भागांत मूत्रपिंडाच्या विकारांची चर्चा घरोघर ऐकू येते आणि तिचा संबंध खाऱ्या पाण्याशी जोडला जातो. पाण्याचा प्रश्न खराच आहे. पण अंगदुखीवरच्या गोळ्या दिवसेंदिवस स्वतःच्या मनाने घेतल्यास त्याही मूत्रपिंडांना इजा करतात, विशेषतः उन्हात राबून शरीरातील पाणी घटलेले असताना, हे फारसे बोलले जात नाही. (डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक गुरांना देत, अशा मेलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरू लागली, म्हणून २००६ मध्ये भारतात गुरांसाठी त्यावर बंदी आली. ज्या गावाच्या आकाशात पूर्वी गिधाडे दिसत, तेथील वृद्धांस हा बदल ठाऊक असतो.) निमेसुलाइड हे तापावरील औषध बारा वर्षांखालील मुलांना देण्यास २०११ पासून मनाई आहे. सर्दीवरील क्लोरफेनिरामिन व फिनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचा आदेश २०२३ च्या डिसेंबरात निघाला. छिंदवाड्यातील औषध याच मिश्रणाचे होते. २०२५ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने सांगितले, की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊच नयेत, व पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देऊ नयेत. मुलाचा खोकला बहुधा आपोआप बरा होतो. गरम पाणी, विश्रांती आणि थोडा धीर एवढ्याने निभावते. पालकसभेत ही गोष्ट शिक्षकाच्या तोंडून निघाली, तर ती ऐकली जाते.

आता पुन्हा शाळेकडे. लोहाची गोळी रिकाम्या पोटी घेतल्यास मळमळते, म्हणून ती जेवणानंतरच द्यावयाची असते. त्यानंतर शौचाचा रंग काळा होतो. तो लोहामुळे होतो व त्यात अपाय नाही, हे मुलांना आणि पालकांना आधी सांगितलेले बरे. जंतनाशक दिनी अल्बेंडाझोलची गोळी चावून खाण्यास सांगतात. आजारी असलेल्या किंवा अन्य औषध चालू असलेल्या मुलास ती त्या दिवशी देत नाहीत. ज्यांच्या पोटात जंत अधिक असतात त्यांना पोटात दुखणे, मळमळणे असा किरकोळ त्रास थोडा वेळ होतो. एका मुलास ओकारी झाली, की शेजारच्या चौघांना मळमळू लागते, आणि गोळ्यांतून विषबाधा झाल्याची वार्ता दुपारपर्यंत गावभर पसरते. अशा प्रसंगी मुलांस सावलीत निजवून प्राथमिक आरोग्य केंद्राशी संपर्क साधणे हे पहिले काम. दुसरे काम नोंदवहीचे. त्रास झालेल्या मुलांची नावे, गोळी घेतल्याची वेळ, त्रास सुरू झाल्याची वेळ, त्यांनी आधी जेवण केले होते की नाही, आणि त्यांच्या गोळ्यांचा क्रमांक हे लिहिलेले असले, तर डॉक्टरांस क्षणात दिसते, की त्रास एका बॅचपुरता आहे, उपाशी मुलांपुरता आहे, की केवळ भीतीचा आहे. मुल्कोवालच्या पाच बाटल्यांचा हिशेब याहून निराळा नव्हता.

गोळ्यांची पट्टी कापण्यातही थोडी सावधगिरी हवी. क्रमांक व मुदतीचा दिनांक पट्टीच्या एका कडेस असतो. दुसऱ्या कडेकडून गोळ्या काढीत गेल्यास तो शेवटपर्यंत शाबूत राहतो. त्याच कडेपासून कापण्यास आरंभ केला, तर पहिल्या मुलाबरोबरच तो जातो. रिकाम्या पट्ट्यांपैकी प्रत्येक क्रमांकाची एक पट्टी पुढील वाटपापर्यंत नोंदवहीत ठेवण्यास खर्च काहीच येत नाही. गुलाबी गोळीवर साखरेचे आवरण असते आणि लहान मुलांस ती चॉकलेटच्या गोळीसारखी वाटते. एकदम पुष्कळ लोहगोळ्या खाल्ल्यास बालकाच्या जिवास धोका पोहोचतो. म्हणून साठा कुलपातच असावा, आणि घरी नेण्यासाठी मुलाच्या हाती गोळ्या देऊ नयेत. टिनपत्र्याच्या खोलीतील लोखंडी कपाट एप्रिल-मे महिन्यांत भट्टीसारखे तापते. वेष्टनावर तापमानाची जी मर्यादा लिहिलेली असते, ती मलकापूर-शेगावच्या उन्हाळ्यात अशा कपाटात राहणे शक्य नाही. उन्हाळी सुटीपूर्वी उरलेला साठा आरोग्य केंद्राकडे परत करून त्याची पोच घेणे हाच त्यावरील उपाय होय.

मुलाच्या घरी घेतलेल्या एखाद्या औषधाविषयी पालक शंका घेऊन शाळेत आले, तर बाटली फेकू नये, धुऊ नये, तशीच बुचासह पिशवीत घालून आरोग्य केंद्रात न्यावी, असे त्यांस सांगावे. आणि मुलाची लघवी कमी झाली असल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठण्यास सांगावे. बाटलीवरील नाव, क्रमांक व दोन्ही दिनांक शिक्षकाने एका कागदावर उतरवून घेतल्यास उत्तम. भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढले तरी चालेल. औषधाच्या दुष्परिणामांची नोंद १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर करता येते, आणि औषधाच्या दर्जाविषयीची तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १८००-२२२-३६५ या क्रमांकावर. दोन्ही ठिकाणी औषधाच्या नावापाठोपाठ विचारणा होते ती बॅच क्रमांकाची.